मयसभेची हत्यारे

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला "मुलांच्या शिक्षणाच्या नव्या वाटा" ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय फार मोठा आहे आणि जेवणाची वेळ जवळ येत आहे. म्हणून त्यातील एकच वाट मी निवडली आहे. ती वाट संगणकावरील खेळ तयार करण्याची, म्हणजे ज्याला आपली मुले "गेम" म्हणतात, त्याची. हे ऐकून पुढील रांगेतील काही वृद्ध गृहस्थांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला येथून दिसते आहे. त्या आठ्यांचा मी आदर करतो. घरोघरी मुले मोबाइलमध्ये मान घालून बसलेली आहेत आणि पैसे लावून खेळावयाच्या खेळांनी काही घरे धुऊन नेली आहेत. त्या जुगारी खेळांवर सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने कायद्याने बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु मी आज खेळणाऱ्यांविषयी बोलत नाही. खेळ घडविणाऱ्यांविषयी बोलतो आहे. पाटावर बसून जेवणारा निराळा आणि पाट करणारा निराळा, हे सुताराच्या पोराला वेगळे सांगावयास नको.

आपण विश्वकर्म्याचे नाव घेतो. त्याच्या जोडीला पुराणांनी दुसरा एक कारागीर सांगितला आहे, तो मयासुर. खांडववनाच्या अग्नीतून अर्जुनाने त्यास वाचविले, त्या उपकाराची फेड म्हणून त्याने पांडवांस सभा बांधून दिली. तीत दुर्योधनास जमीन पाण्यासारखी भासली म्हणून त्याने वस्त्रे सावरली, आणि खरे पाणी जमिनीसारखे भासले म्हणून तो त्यात पडला. आज ज्याला आभासी जग म्हणतात, त्याचे इतके नेमके वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. मयाने ते स्फटिक आणि रत्ने घेऊन केले. आजचा मुलगा ते संगणकाच्या पडद्यावर करतो.

कसे करतो, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ह्यात आपल्या धंद्याशी नाते आहे. पडद्यावर एक चौरंग करावयाचा आहे असे समजा. प्रथम अवकाशात बिंदू मांडावयाचे, बिंदू रेषांनी जोडावयाचे, रेषांच्या मध्ये पृष्ठे भरावयाची. ही पृष्ठे सरतेशेवटी त्रिकोणांची बनलेली असतात. पायांना गोलाई द्यावयाची तर त्रिकोण वाढवावे लागतात. फार वाढविले तर यंत्र दमते. किती ठेवावे आणि किती छिलून टाकावे हा अंदाज म्हणजेच कसब. नंतर त्या आकारावर लाकडाचा पोत चढवावयाचा. त्यासाठी आकाराची कातडी उलगडून सपाट पसरतात, त्यावर चित्र रंगवितात आणि पुन्हा गुंडाळतात. ज्याने पेटीवर सनमायका बसविली आहे त्याला ही उलगड एका दमात समजेल; पदवीधराला समजावयास कदाचित दोन दिवस लागतील. मग प्रकाश ठेवावयाचा. मनुष्याची आकृती असेल तर तिच्या आत हाडांचा सांगाडा घालावयाचा, म्हणजे हात कोपरात वाकतो. शेवटी नियम लिहावयाचे: ह्या दाराला धक्का दिला तर ते उघडावे, किल्ली नसेल तर उघडू नये. ही सगळी सामग्री एकत्र बांधून ती चालती ठेवणारे जे यंत्र असते त्याला गेम इंजिन म्हणतात. ते साधारणतः एका सेकंदात साठ वेळा सर्व देखावा नव्याने काढते. म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तेवढ्या अवधीत खेळाडूने काय केले ते पाहावयाचे, कोण कोणास धडकला ते मोजावयाचे आणि चित्र काढून मोकळे व्हावयाचे.

आता मुद्द्याकडे वळतो. हे इंजिन, ही आकार घडविण्याची साधने, ही या धंद्यातील हत्यारे आहेत. आणि हत्यार कोणाचे, हा प्रश्न आपल्या ज्ञातीला नवा नाही.

माझ्या आजोबांचा रंधा मी पाहिला आहे. त्याचे पाते लोहाराकडून आणलेले, पण लाकडी ठोकळा त्यांनी स्वतःच्या हाताला बसेल असा स्वतः घडविलेला. बिघडला तर तो उघडून पाहत. पाचर बदलीत. दुसऱ्या कोणास तसाच हवा असेल तर त्याने समोर बसून माप घ्यावे; त्यास कधी नाही म्हटले गेले नाही. हत्यार आपले असणे म्हणजे नुसते ते पेटीत असणे नव्हे. ते उघडता आले पाहिजे, आत काय आहे ते दिसले पाहिजे, बदलता आले पाहिजे आणि शेजाऱ्याला देता आले पाहिजे. सन १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्या गृहस्थांनी संगणकाच्या प्रणालींविषयी हाच आग्रह धरून चळवळ उभारली. तिला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. त्यांना आपल्या आजोबांचा रंधा ठाऊक नसावा, पण बोलणे तेच.

बाजारात असलेल्या पुष्कळशा प्रणालींचे तसे नाही. त्या विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात, आणि भाड्याच्या अटी घरमालक बदलू शकतो. ह्याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. युनिटी नावाचे एक प्रसिद्ध इंजिन आहे. जगातील असंख्य खेळ, विशेषतः मोबाइलवरील, त्यावर घडले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्या कंपनीने जाहीर केले की, पुढील जानेवारीपासून, ठराविक उत्पन्नाची व संख्येची मर्यादा ओलांडल्यावर, खेळ जितक्या वेळा नव्या यंत्रावर बसविला जाईल तितक्या वेळा खेळ करणाऱ्याने कंपनीला पैसे द्यावेत. ज्यांनी पूर्वीच्या अटींवर विश्वासून वर्षानुवर्षे काम केले होते, त्यांचे खेळही ह्यातून सुटणार नव्हते. मोठा गहजब झाला. दहा दिवसांत कंपनीला अटी सौम्य कराव्या लागल्या, पुढील महिन्यात मुख्याधिकारी पायउतार झाले आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती आकारणी पूर्णपणे रद्द झाली. म्हणजे शेवट ठीक झाला. परंतु एका सकाळी अट बदलता येते, हे ज्याने एकदा पाहिले त्याची झोप पूर्वीसारखी राहत नाही.

कोणी म्हणेल, आपले वाडवडील बलुते घेतच होते. पाभर करून दिली आणि खळ्यावर धान्याचा वाटा घेतला, तो तरी उत्पन्नावरचाच भाग नव्हता काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण बलुत्यात सालभराच्या दुरुस्तीचे काम होते, देणारा आणि घेणारा एकाच गावच्या पारावर बसत, आणि सुताराने मध्येच उठून बलुत्याचा दर बदलला असे कधी झाले नाही. झालेच असते तर गावाने त्यास पाभरीसह वेशीबाहेर काढले असते.

ह्या गडबडीत पुष्कळ कारागिरांचे लक्ष "गोडो" नावाच्या इंजिनाकडे वळले. हे अर्जेंटिना देशातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर ह्या दोघांनी घडविले आणि २०१४ च्या आरंभी त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. त्याची किंमत शून्य, वाटा शून्य. खेळ विकून कोणी लक्षाधीश झाला तरी गोडोला काही देणे लागत नाही. ते उतरवून घेतले की लगेच चालू होते. खाते उघडावे लागत नाही, नावगाव सांगावे लागत नाही, जुन्या संगणकावरही साधे खेळ त्यात होतात. "डोम कीपर" आणि "ब्रोटॅटो" हे २०२२ मध्ये आलेले खेळ ह्याच इंजिनावर झाले आणि जगभर खपले. त्यात नियम लिहिण्याची भाषाही सोपी आहे.

आकार घडविण्याचे हत्यार म्हणजे ब्लेंडर. ह्याची कथा आपल्या जिल्ह्याला विशेष जवळची वाटावी. टोन रोझेंडाल ह्या डच कारागिराने ते १९९४ पासून घडविले. पुढे त्याची कंपनी निघाली, आणि २००२ मध्ये भांडवल घालणाऱ्यांनी हात काढून घेतल्यामुळे ती बुडाली. हत्यार तयार, पण मालकी सावकारांकडे. तेव्हा रोझेंडाल यांनी सावकारांशी ठरविले की एक लाख युरो दिले तर ते हत्यार खुले करावयाचे. लोकांकडून वर्गणी मागितली. सात आठवड्यांत रक्कम जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांचे झाले. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून, धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने साखर कारखाना उभा केला, ही गोष्ट येथे बसलेल्या प्रत्येकाने घरी ऐकलेली आहे. ती १९५० च्या आसपासची. ही त्यानंतर अर्ध्या शतकाची. मार्च २०२५ मध्ये लॅटव्हिया ह्या लहानशा देशातील "फ्लो" नावाच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो चित्रपट ब्लेंडरमध्ये केलेला आहे. अमेरिकेतील धनाढ्य स्टुडिओ त्या स्पर्धेत होते. आपल्या शिर्डीच्या किंवा पाथर्डीच्या मुलाच्या संगणकावर जे हत्यार फुकट उतरते, तेच त्या विजेत्याच्या हाती होते.

येथे परवान्यांची एक बारीक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण हिच्यावरून पुष्कळांचा गैरसमज होतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या बियाण्यांच्या पेढीतून बी न्यावे आणि हंगामानंतर बी परत आणून द्यावे, अशी रीत आहे. म्हणून पेढी रिकामी होत नाही. ब्लेंडरचा परवाना काहीसा असा आहे. ब्लेंडरमध्ये सुधारणा करून ते हत्यार तुम्ही दुसऱ्याला दिलेत, तर आतली रचनाही उघडी करून द्यावी लागते. गोडोचा परवाना ह्याहून सैल: कर्त्यांचे नाव राखा आणि काय हवे ते करा. परंतु दोन्ही बाबतींत ही अट हत्याराला आहे, हत्याराने केलेल्या वस्तूला नाही. पटाशी गावाची असली तरी चौकट तुमचीच. खेळ विका, भाड्याने द्या, घरात ठेवा. तो सर्वस्वी तुमचा.

चित्रे रंगविण्यास क्रिटा आणि गिंप, रेखाचित्रांस इंकस्केप, आवाज छाटण्यास ऑडॅसिटी, ही इतर हत्यारेही अशीच खुली आहेत. त्यांची नावे एवढ्याचसाठी सांगितली की पालकांनी ती कागदावर उतरवून घ्यावीत. लहान मुलांसाठी मात्र लुआंटी चांगले. पूर्वी त्याचे नाव माइनटेस्ट होते. फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेले, २०२४ मध्ये नाव बदलले. ठोकळ्यांचे जग असते. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, आणि मध्यापासून चारी दिशांना जवळजवळ एकतीस हजार ठोकळे पसरलेले. शाळेच्या चार संगणकांची आपसांत तार जोडली की इंटरनेटवाचून दहा मुले एकाच जगात बांधकाम करू शकतात.

मराठीचे काय, असा प्रश्न आपण विचाराल. आणि विचारलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ह्या इंजिनांत देवनागरी लिहिली की जोडाक्षरे फुटून पडत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे. "विश्वकर्मा" हा शब्द लिहिला तर रफार कोठे आणि श्व कोठे, असा प्रकार. मार्च २०२३ मध्ये गोडोची चौथी आवृत्ती आली, तीत हर्फबझ नावाचे अक्षरे जुळविणारे खुले साधन बसविण्यात आले आणि हा त्रास सरला. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज़ म्हणजे खुले, असा तो फार्सी शब्द आहे. करणारे गृहस्थ मूळचे इराणी. निजामशाहीच्या राजधानीत फार्सी शब्दाचा अर्थ सांगावा लागतो, ही काळाची गंमत! अक्षरांचे वळण हवे तर मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींनी घडविलेले "मुक्त" आणि "बलू" हे खुले टंक आहेत. त्यांचेही भाडे नाही. म्हणजे संपूर्ण मराठी खेळ, पहिल्या पाटीपासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत, आज एक पैसाही भाडे न देता करता येतो.

शिकवणार कोण? मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने "स्पोकन ट्युटोरियल" हा उपक्रम उभा राहिला. दहा दहा मिनिटांचे पाठ असतात, पडद्यावर काय दाबावयाचे ते दिसते आणि आवाज शेजारी बसून सांगितल्यासारखा येतो. त्यांतील अनेक पाठ मराठी ध्वनीसह आहेत, आणि तेही विनामूल्य.

हे मी इतक्या तपशिलाने का सांगतो? आमच्याच नात्यातील एका मुलाने शहरातील एका खासगी क्लासमध्ये "ॲनिमेशन व गेमिंग" ह्या नावाखाली दोन वर्षे घालविली. वडिलांनी त्यासाठी सहकारी पतपेढीचे कर्ज काढले. क्लासने शिकविली ती भाड्याची प्रणाली. अभ्यासक्रम संपला त्या महिन्यात विद्यार्थ्यांची सवलत संपली, आणि मुलाने केलेली कामे त्याला स्वतःच्या घरी उघडता येईनात. कर्ज मात्र उघडेच आहे. आता मंडळाच्या शिक्षणनिधीतून अशाच अभ्यासक्रमांना कर्जसाहाय्य द्यावे, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. माझा त्यास विरोध आहे. तो मी आज सर्वांसमक्ष नोंदवितो. मुलांनी शिकू नये असे मी म्हणत नाही. त्यांच्या हाती जे हत्यार द्यावयाचे ते त्यांच्याजवळ राहणारे असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

खुल्या हत्यारांत सर्व गोड आहे असेही नव्हे. निन्टेन्डो, सोनी यांच्या खेळयंत्रांवर खेळ चढवावयाचा तर त्या कंपन्यांचे गुप्त करार आड येतात आणि गोडोला तेथे वळसा घालून जावे लागते. मोठ्या कंपन्यांतील नोकरीच्या जाहिरातींत अजूनही युनिटी आणि अनरियल ह्यांचीच नावे अधिक दिसतात. पुण्याच्या नोडिंग हेड्स ह्या मंडळींनी २०२० मध्ये "राजी" हा खेळ जगापुढे आणला. भारतीय पुराणकथांवर उभा असलेला इतका देखणा खेळ पूर्वी झाला नव्हता, आणि तो अनरियलवर केलेला आहे. त्या इंजिनाची आतली रचना पाहावयास मिळते. पण उत्पन्न दहा लाख डॉलरांपलीकडे गेले की त्यात कंपनीचा वाटा असतो. पाहता येणे आणि आपले असणे ह्यांत अंतर आहे. तथापि ज्याचा हात ब्लेंडर आणि गोडोवर बसला, तो दुसरे इंजिन दोन-चार महिन्यांत उचलतो. आपल्यापैकी किती जण वाकस सोडून विजेच्या यंत्रावर गेले, त्यांना विचारा. हात एकच असतो.

आता करावयाचे काय? मंडळींनो, आपल्या जिल्ह्याला खेळ करण्याचा वारसा आहे. सापशिडीचे मूळ असलेल्या मोक्षपटाचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरमाउलींना देते, आणि माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशास बसून काय केले हे मी सांगावयास नको. तो पट हाताने उतरवून घेत, आणि उतरविणारा आपापल्या समजुतीप्रमाणे घरे आणि पापपुण्यांची नावे बदली. कोणी कोणाकडे परवानगी मागितली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी त्यातील मोक्ष काढून टाकला आणि डबीत घालून विकला.

माझ्या मनात मात्र पटापेक्षा वाडे आहेत. नगर, संगमनेर, श्रीगोंदे येथील जुने वाडे झपाट्याने पडत आहेत. सुरूचे खांब, तुळया, कडीपाट, दिंडीदरवाजे हे आपल्याच पूर्वजांचे काम, आणि ते वखारीत सरपणाच्या शेजारी पडलेले मी पाहिले आहे. कोठल्या खांबाच्या कुसवाला किती खोल खाच, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. एखादा वाडा पाडण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी शेदोनशे छायाचित्रे घ्यावीत; मेशरूम नावाची खुली प्रणाली त्या चित्रांवरून त्याची घनाकृती तयार करते. तिला बऱ्यापैकी चित्रपत्रक असलेले यंत्र लागते, हे खरे. त्या आकृतीवर ब्लेंडरमध्ये हात फिरवून, वृद्धांना शेजारी बसवून प्रत्येक सांधा वेगळा करून दाखवावा आणि गोडोत घालावा. मुलाने त्या वाड्यात पडद्यावर हिंडावे, खांब उतरवावा, पुन्हा चढवावा. कुसू चुकले तर तुळई पडावी. हा खेळ होईल आणि आपल्या विद्येची नोंदही होईल. असे काम बाहेरचा कोणी आपल्यासाठी करणार नाही. त्यास कुसू म्हणजे काय हेच ठाऊक नसते.

म्हणून माझी सूचना अशी की, ठरावातील रक्कम व्यक्तिशः कर्जाऊ न देता तिच्यातून मंडळाच्या वसतिगृहात पाच संगणक घ्यावेत. त्यांपैकी एक चित्रपत्रकासह असावा, बाकीचे जुने दुरुस्त केलेले चालतील. मुलींसाठी निराळी वेळ ठेवावी, आणि ती संध्याकाळची नसावी, म्हणजे घरून नकार येणार नाही. शनिवारी दोन तास वृद्ध कारागिरांनी तेथे बसावे; त्यांच्या चहाची व्यवस्था मी करीन. पहिल्या वर्षी एकच वाडा. तो कोणता, हे येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठरवावे. ज्यांच्या घरचा वाडा उतरावयाचा आहे त्यांनी आपली नावे आज चिटणिसांकडे द्यावीत, कारण पावसाळ्यापूर्वी छायाचित्रे झाली पाहिजेत. टेबले विकत घेण्याचे कारण नाही. सागाच्या जुन्या फळ्या माझ्याकडे आहेत, पाच टेबलांचे काम दोन रविवारांत उरकेल, आणि हात लावण्यास कोण कोण येणार ते जेवणाच्या पंगतीत मला सांगावे.